आपण विश्रांती घ्यावी

लोणावळा स्टेशनातले मालबाबू गफूर लिलावातून भांडी घासायचं यंत्र चुकून घेऊन आले, हे त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. त्यांचं म्हणणं असं की त्यांना तेच घ्यायचं होतं. आता ज्या माणसाने घरून निघताना बायकोला "दूध तापवून गार करून ठेव, आज फ्रीज येतोय" असं सांगितलं होतं, त्याने असं म्हणावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.

झालं होतं ते इतकंच. तुंगार्लीच्या बंगल्यातला जर्मन इंजिनिअर साहेब काम आटोपून एकोणीसशे सहासष्टच्या उन्हाळ्यात मायदेशी गेला आणि त्याचं सामान लिलावाला निघालं. गफूरना दुरून एक पांढरं शुभ्र, कमरेइतकं उंच कपाट दिसलं. त्याला चकचकीत मूठ होती आणि मागून वायर निघाली होती. वायर असलेलं पांढरं कपाट म्हणजे फ्रीज, याबद्दल सहासष्ट साली लोणावळ्यात कुणालाच शंका आली नसती. गफूरनी घाईघाईने बोली लावली. पुढे कुणी बोललंच नाही, आणि खरं तर तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

हातगाडी दारात आली तेव्हा त्यांची बायको कमरजहाँ दुधाचं पातेलं घेऊन उभी होती. शेजारच्या लीलाबाई खरवसाची वाटी घेऊन आल्या होत्या. पहिल्या दिवशी निदान एक खण तरी आपल्याला मिळावा अशी त्यांची अपेक्षा होती. लीलाबाईंचे यजमान अंबाजी हात मागे बांधून देखरेखीला उभे होते. गफूरनी दार उघडलं. आत तारेच्या दोन जाळ्या होत्या आणि तळाशी भोकं पाडलेला पंखा.

"पंख्यानं गार होतं होय?" लीलाबाईंनी विचारलं.

गफूरनी सोबत आलेलं पुस्तक उघडलं. ते जर्मन भाषेत होतं, पण पहिल्याच पानावर चित्र होतं. उंच टाचांचे बूट घातलेली एक मडम हसत हसत जाळीत बशा लावत होती. अंगावर पाण्याचा एक थेंब नाही. गफूरनी ते चित्र पाहिलं. घाटातून मालगाडी पूर्ण पास व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाले, "फ्रीज काय, कुणीही घेतं. हे भांडी घासायचं यंत्र आहे. कमरजहाँ, तुझ्या हातांसाठी आणलंय."

कमरजहाँचे तळहात दर पावसाळ्यात चिरायचे, रक्त यायचं. डॉक्टरांनी तिला पाण्यात हात घालायची बंदीच केली होती. तिने आधी यंत्राकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि तिचे डोळे भरून आले. त्या क्षणानंतर गफूरना मागे फिरायला वाट उरली नाही.

"म्हणजे आता बायडाबाईची गरज नाही म्हणा," अंबाजी म्हणाले. अंबाजी निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या घरातले निष्कर्ष तेच काढत असत.

बायडाबाई अकरा वर्षं गफूरच्या घरी भांडी घासत होती. मूळची वडिवळ्याची, भावाचं भातशेत अजून तिथेच होतं. दर आषाढात लावणीला जायला ती पंधरा दिवसांची सुट्टी मागायची, गफूर आठ द्यायचे, दोघांचं कडाक्याचं भांडण व्हायचं आणि ती पंधरा दिवसांनी परत यायची. एरवी गफूरना तिच्याबद्दल काडीची तक्रार नव्हती. पण यंत्र तर बायकोच्या हातांसाठी म्हणून आणलेलं. यंत्रही ठेवायचं आणि बायडाबाईलाही ठेवायचं, म्हणजे यंत्र चुकून आणल्याची जाहीर कबुलीच झाली. कमरजहाँने "तिला कशाला काढता" असं तीनदा म्हणून पाहिलं. गफूरची अब्रू पणाला लागली होती, आणि अब्रूपुढे त्यांना ऐकू कमी यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोट घालून मोरीपाशी गेले. माणसाला कामावरून काढणं त्यांना जमणारं नव्हतं, म्हणून रेल्वेच्या पत्रांत असते तसली भाषा त्यांनी रात्रीच मनात जुळवून ठेवली होती. अकरा वर्षं ते बायडाबाईला 'तू' म्हणत आले होते. आज म्हणाले, "बायडाबाई, आपण फार कष्ट केलेत. आता यंत्र आलं आहे. आता आपण विश्रांती घ्यावी."

बायडाबाईचा काथ्या हातातच राहिला. "म्या आताच जाऊ, बाबू?"

"आताच गेलात तरी हरकत नाही."

तिने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा गफूरकडे, आणि झटकन पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहिले आणि तिने हात धुऊन, राखेचा डबा कोपऱ्यात सरकवून, घराबाहेर पाऊल टाकेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

आता यंत्राकडे वळू. पहिली अडचण अशी की ते पाणी घेईना. पुस्तकातल्या चित्रात नळीला थेट नळ जोडलेला होता, आणि गफूरच्या घरचा नळ होता तो बाहेर ओट्यावर. नळ आत घ्यायचा तर पाण्याच्या ऑफिसात अर्ज. तिथल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला.

"वापर काय लिहिलाय? भांडी धुण्याचे यंत्र. घरगुती की धंदा?"

"घरगुती."

"घरात किती माणसं?"

"दोघं. मुलगा शिकायला पुण्यात असतो."

"दोन माणसांची भांडी धुवायला यंत्र?" कारकुनाने गफूरकडे दयेने पाहिलं. मग त्याने यादी काढली. यादीत 'भांडी धुण्याची सोय' हे शब्द एकाच सदरात होते, आणि ते सदर होतं खानावळ. दुसऱ्या सदरात भांडी बसतच नव्हती. गफूर स्वतः सरकारी माणूस. सदरापुढे कुणाचं काही चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं. नळ तरी मिळेल म्हणून त्यांनी सही केली. नळ मिळाला. चार दिवसांनी नोटीसही मिळाली: 'खानावळचालक गफूर यांस, दरफलक दर्शनी भागी लावावा व वाढप्यांचे आरोग्याचे दाखले हजर करावेत.'

"वाढपी मीच," कमरजहाँ म्हणाली. "माझा दाखला आहे डॉक्टरांचा. पाण्यात हात घालू नये असा."

दुसरी अडचण अशी की यंत्राने घेतलेलं पाणी ते सोडेना. तिसरी अशी की सोडू नये तिथून, म्हणजे दाराच्या फटीतून, ते सोडायला लागलं. गफूरनी लोको शेडमधल्या शिदू फिटरला बोलावलं. शिदू टाकवे गावचा. घाटात गाड्या ढकलणारी इंजिनं त्याच्या हातांखालून गेली होती आणि जगातलं प्रत्येक यंत्र हे बिघडलेलं इंजिन आहे अशी त्याची श्रद्धा होती. त्याने यंत्राला कान लावला.

"गफूरभाऊ, ह्याचं पोट गच्च हाय."

त्याने तळाची जाळी उपसली. जाळीत मूठभर भात होता, कढीपत्ता होता, आणि नारळाची शेंडी होती. नारळ अंबाजींनी फोडला होता. यंत्र नवं, मुहूर्त नको का, म्हणून त्यांनी स्वतःच्या घरचा नारळ आणून यंत्राच्याच कडेवर फोडला होता, आणि गफूरची नको म्हणायला जीभ उचलली नव्हती. शिदूने जाळी धुतली, दाराला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं आणि "आता वाफ धरंल बगा" असं म्हणून चहा पिऊन गेला.

पाणी आत राहिलं आणि बाहेरही गेलं. त्या दिवशी गफूर मालधक्क्यावर शीळ घालत फिरले. पण घरी येऊन दार उघडलं तर सगळी भांडी पिवळी. एका वाटीला लागलेली आमटी यंत्राने सहा ताटं, चार वाट्या आणि दोन पेले यांना सारखी वाटून दिली होती. कुणावर अन्याय नाही. चहाच्या कपालाही हिंगाचा वास.

"साबण कुठला घातलात?" लीलाबाईंनी कुंपणावरून विचारलं. साबण घालायचा असतो हे गफूरना सुचलंच नव्हतं. "साबण नका घालू, चांदीला आम्ही रिठे वापरतो." त्यांनी ओंजळभर रिठे दिले. लीलाबाई म्हणाल्या म्हणून गफूरनी ओंजळभर घातले. ते ठेचून, भिजवून, गाळून घातले. कामात कसूर नको.

दहाव्या मिनिटाला सायकलच्या ट्यूबखालून पहिला बुडबुडा आला. विसाव्या मिनिटाला फेस चुलीपर्यंत पोचला. कमरजहाँ पाटावर चढून बसली होती आणि गफूर केरसुणीने फेस मागे ढकलत होते. नेमके त्याच वेळी दारात दोन गृहस्थ येऊन उभे राहिले. इंदुरी गावचे होते. त्यांनी पाण्याच्या ऑफिसाच्या फळ्यावर खानावळींची नवी यादी वाचली होती.

"आज रस्सा काय हाय?" त्यांतल्या मोठ्याने विचारलं.

गफूर गुडघाभर फेसात उभे होते. ते काही बोलणार इतक्यात पाटावरून कमरजहाँ म्हणाली, "बसा, भाऊ. मटण नाही, पण आमटी-भात आहे." दारात आलेला भुकेला माणूस तिला परत पाठवता येत नसे, मग घर पाण्याखाली असलं तरी. ते दोघे पोटभर जेवले, आमटीची तारीफ केली, आणि पुढच्या आठवड्यात आणखी तिघांना घेऊन आले. पैशाचं नाव काढलं तर कमरजहाँ रागावायची. भांडी मात्र वाढली.

ती कुणी घासायची? कमरजहाँने एकदा गुपचूप घासली तर रात्री तिच्या हातांवर कापसाच्या पट्ट्या बांधाव्या लागल्या. यंत्र तर दर दोन दिवसांनी नवं दुखणं काढत होतं. कधी कढईच्या कानाला अडकून पंखा फिरायचा नाही. कधी तांब्या उताणा ठेवल्यामुळे पाण्याने भरूनच बाहेर यायचा. पातेली तर आत मावतच नव्हती. जर्मन लोक वरण कशात करतात हे पुस्तकात दिलेलं नव्हतं. तेव्हा मालबाबू गफूर, ज्यांच्या सहीशिवाय मुंबई-पुण्याच्या मालगाड्यांच्या वाघिणी हलत नसत, ते पहाटे मागच्या ओट्यावर उकिडवे बसून भांडी घासायला लागले. ओट्याला त्यांनी गोणपाटाचा पडदा लावला. पावसाची झड येते, असं अंबाजींनी न विचारताच त्यांनी सांगून टाकलं.

राखेचा डबा कोपऱ्यात तसाच होता. पण आषाढातल्या हवेने राखेचा चिखल झाला होता आणि काथ्याला बुरशी आली होती. बायडाबाई हे सगळं कोरडं कसं ठेवायची, हे अकरा वर्षांत त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ताट घासता घासता त्यांना तिचे हलणारे खांदे दिसायचे. अकरा वर्षं जिने आपलं खरकटं काढलं तिला आपण कोट घालून, पत्राच्या भाषेत घालवून दिलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी घासायची कढई खाली ठेवली आणि कमरजहाँला म्हणाले, "माझी चूक झाली. यंत्र फ्रीज समजूनच आणलं होतं."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," कमरजहाँ म्हणाली. "तुमचा चेहरा मी बघितला होता. आता वडिवळ्याला जा आणि तिची माफी मागा. आणि नाही आली तर नाही आली, पण मागा."

गफूर रविवारच्या गाडीने कामशेतला उतरले आणि छत्री घेऊन चालत निघाले. माफी कशी मागायची ते चारदा ठरवलं. कोट घातला नव्हता. रस्ता संपून बांध सुरू झाले तसा पहिला बूट चिखलात गेला, मग दुसरा, मग ते बूट हातात घेऊन अनवाणी चालू लागले. पुढच्या खाचरात पानांची इरली पांघरलेल्या सात-आठ बायका वाकून लावणी करत होत्या. त्यांतली एक उभी राहिली.

"आगं हिरे, बग. ह्येच आमचं बाबू. म्या सांगत न्हवतं का?"

सगळ्या बायका सरळ होऊन गफूरकडे बघायला लागल्या. काय सांगितलं असेल याची कल्पना येऊन गफूरनी मान खाली घातली.

"घरी समदं खुशाल न्हवं, बाबू? भाभींचं हात?"

"चिरलेत."

"आन् त्यास्नी टाकून तुमी हितं आलात व्हय?"

"बायडाबाई," गफूर म्हणाले. "त्या दिवशी मी जे बोललो ना..."

"लय ग्वाड बोललात, बाबू." बायडाबाई बांधावर आली. "अकरा वर्सं म्या सुट्टी मागायची आन् तुमी भांडायचं. औंदा मागायच्या आदीच तुमी म्हणलात, आपण इसरांती घ्यावी. मला तर हसूच आवरंना. म्हणलं बाबूम्होरं दात कसं काडायचं, म्हनून पदर लावला. हिला इचारा, आल्या दिशी गावभर सांगितलं म्या."

"व्हय जी," हिरी म्हणाली. "असा सायेब न्हाई कुटं म्हणत व्हती."

गफूरच्या हातातले बूट खाली पडले. चारदा ठरवलेली माफी मागायला आता कारणच उरलं नव्हतं.

"आन् तुमी घेतली का मग?" बायडाबाईने विचारलं.

"काय?"

"इसरांती. आपण घ्यावी म्हणलात न्हवं? मला वाटलं तुमी बी हापिसातनं सुट्टी काडणार, भाभीस्नी घिऊन कुटंतरी जाणार."

'आपण' म्हणजे आदराने समोरचा एकटाही होतो आणि सगळे मिळूनही होतात, ही सोय मराठीत ज्याने कुणी केली असेल त्याला गफूरनी त्या बांधावर उभं राहून मनोमन दुवा दिला. छातीवरचं तीन आठवड्यांचं ओझं एकदम उतरलं. त्यांनी पडलेले बूट उचलायला हात पुढे केले.

बायडाबाईचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. बोटं सुरकुतलेली, नखांत काळं, तळहाताला दोन चिरा. "ह्ये काय झालं, बाबू?"

"विश्रांती," गफूर म्हणाले.

तिने त्यांना भाकरी आणि मिरचीचा ठेचा खायला घातला. सहा वाफे राहिले होते. "हवे तेवढे दिवस घे," गफूर म्हणाले. 'तू' म्हणताना त्यांना फार बरं वाटलं. ती म्हणाली, बेस्तरवारी येते, आणि गुरुवारी आली.

आल्या आल्या तिने ओट्यावरचा गोणपाट काढून टाकला, ओली राख फेकली आणि यंत्राचं दार उघडून आत वाकून पाहिलं. रबर चेपून नीट बसवलं. मग नवी राख, नवा काथ्या आणि चिंचेचा गोळा वरच्या जाळीत ठेवून तिने दार लावलं. "ह्ये बेस झालं. आता पावसात राख कोरडी ऱ्हाईल." राहिली. शिदूने लावलेल्या ट्यूबमधून हवेचा कणही आत जात नव्हता. तेव्हापासून त्या यंत्राने एकही खोड काढली नाही. अंबाजी सगळ्यांना सांगत असत की मुहूर्ताचा नारळ त्यांनी फोडला होता.

खानावळ बंद करण्याचा अर्ज गफूरनी दिला. पण दरफलक लावल्याचा पुरावा नसल्याने ती कधी सुरूच झाली नव्हती, आणि सुरू न झालेली खानावळ बंद करण्याचं सदर यादीत नव्हतं. तेव्हा ती चालूच राहिली. इंदुरीचे ते दोघे वर्षातून दोन-तीनदा अजून जेवायला येतात, आणि आताशा येताना कमरजहाँसाठी घरचं तूप आणतात.

पुढच्या ज्येष्ठात एक दिवस बायडाबाई मोरीतून उठून दाराशी येऊन बसली. "बाबू, औंदा इसरांती कवा?"

"तुला हवी तेव्हा."

"पंदरा दिस?"

"वीस घे."

ती जरा वेळ काथ्या पिळत राहिली. "बाबू, एक इचारू? त्या दिशी तुमी म्हणलात, यंतर आलंय. आन् मग म्हणलात इसरांती घ्यावी. इसरांती म्हंजी सुट्टीच न्हवं? का दुसरं काय आसतं?"

गफूरनी सवयीने कॅलेंडरकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"सुट्टीच," ते म्हणाले.

"मला बी तसंच वाटलं," बायडाबाई म्हणाली आणि तिने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. या वेळी गफूरनी तिच्यावरून नजर काढली नाही. ती हसत होती हे त्यांनी नीट पाहिलं, आणि 'विश्रांती'चा खरा अर्थ तिला ठाऊक आहे, हेही त्यांना नीट समजलं. ते उठले, यंत्राचं दार उघडलं आणि राखेचा डबा काढून त्यांनी स्वतः तिच्या हातात दिला.